अजगराच्या पेटीत रात्री कुठला दिवा लावायचा?

आई पहिल्यांदा लीड्सला आली ती डिसेंबरात. पावणेचारला इथे सूर्य मावळतो. आई देवापुढे दिवा लावायची, मग घरभर फिरून एकेक बटण दाबायची आणि शेवटी हॉलच्या कोपऱ्यात खारकेच्या पेटीसमोर येऊन थांबायची. खारीक म्हणजे आमची पाळीव अजगर, बॉल पायथन जातीची. इंग्लंडात हिला रॉयल पायथन म्हणतात. काळपट तपकिरी रंग, त्यावर फिकट बदामी डाग, म्हणून मुलानं ठेवलेलं नाव. आठ वाजता पेटीतला दिवा टायमरवर बंद झाला की आई अस्वस्थ व्हायची. "जिवाला असं काळोखात ठेवू नये गं. एखादा बारका दिवा तरी ठेव."

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. बत्तीस शिराळा तिथून फार लांब नाही. साप म्हटलं की आईला आधी नागपंचमी आठवते, भीती नंतर. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, पुरणाची दिंडं उकडायची. त्यामुळे तिच्या बोलण्यात माया होती आणि मला ते पटलंही. दुसऱ्याच दिवशी मी प्राण्यांच्या दुकानातून निळा ‘मूनलाइट’ बल्ब आणला. खोक्यावर चंद्र, झाडाची फांदी आणि वेटोळं घातलेला साप असं चित्र होतं. पेटी निळीशार दिसायला लागली. आई खूश, मुलगा खूश.

त्यानंतर तीन आठवडे खारीक जवळजवळ दिसलीच नाही. लपायच्या खोपट्यातून नाकाचं टोक तेवढं बाहेर यायचं. दोन वेळा दिलेला उंदीर तिनं तसाच ठेवला. खाणं सोडण्याचा दोष मी बल्बवर टाकणार नाही, कारण बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन् महिने उपाशी राहतात आणि त्यांना काही होत नाही. पण तिचं रात्रीचं फिरणं थांबलं हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. बल्ब काढला आणि चौथ्या रात्री ती काचेला नाक लावून पेटीभर फिरताना दिसली. मग मी ह्या विषयावर नीट वाचलं, मोजमापं घेतली, दोन मोठ्या चुका केल्या आणि त्या दुरुस्त केल्या. त्यातलं जे उपयोगाचं आहे ते इथे लिहिते.

आधी उत्तर सांगते. रात्री सापाला दिवा लागत नाही, कुठल्याही रंगाचा. ऊब कधीकधी लागते. दुकानात ह्या दोन गोष्टी एकाच काचेच्या बल्बमध्ये घालून विकतात आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. म्हणून "कुठला बल्ब घेऊ?" ह्याच्या आधी "माझ्या खोलीत रात्री किती थंडी पडते?" हे विचारायचं. ते कसं मोजायचं ते पुढे येतं. पण आधी डोळ्यांबद्दल, कारण लाल, निळा आणि जांभळा हे तिन्ही बल्ब सापाच्या डोळ्यांविषयीच्या चुकीच्या समजुतींवर विकले जातात.

सापाला काय दिसतं

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर निघतो. म्हणजे उजेड नकोसा झाला तर डोळे मिटायची सोयच नाही. बाहुली बारीक करायची किंवा खोपट्यात शिरायचं, एवढंच त्याच्या हातात. खारीक खोपट्यात का बसली होती हे मला ह्या एका गोष्टीवरून कळलं.

बॉल पायथनच्या डोळ्याचा नेमका अभ्यास झालेला आहे, १९९९ साली. तिच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या दहांतल्या सुमारे नऊ पेशी दंडपेशी आहेत, म्हणजे मंद उजेडात काम करणाऱ्या. त्या सर्वांत जास्त टिपतात ४९४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश (हा आकडा प्रकाशलहरीच्या लांबीचा, त्यावरून रंग ठरतो). आपल्या भाषेत निळा-हिरवा. शंकूपेशी, म्हणजे भर उजेडात रंग टिपणाऱ्या, थोड्या आहेत आणि त्या दोन तऱ्हेच्या: एक ५५१ नॅनोमीटरच्या आसपासची, हिरवट-पिवळ्या उजेडाची, आणि दुसरी ३६० नॅनोमीटरची. हा ३६० चा प्रकाश अतिनील, तो आपल्याला दिसतच नाही.

आता हे तीन आकडे हातात धरून दुकानातल्या फळीसमोर उभं राहू.

निळा बल्ब. तिच्या दंडपेशी ज्या रंगाला सर्वांत तीव्र प्रतिसाद देतात त्याच्या अगदी शेजारचा हा रंग. रात्रीसाठी ह्याहून चुकीची निवड करणं कठीण. आपल्याला तो ‘चांदण्यासारखा’ वाटतो, कारण मंद उजेडात आपल्याच डोळ्याला सगळं निळसर भासतं. चांदणं मुळात निळं नसतंच. तो परावर्तित सूर्यप्रकाश आहे आणि उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतो. शिवाय पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पडतं ते जेमतेम पाव लक्स (लक्स हे उजेडाचं माप). दोन फूट उंचीच्या पेटीत लावलेला बल्ब त्याच्या कितीतरी पट उजेड पाडतो, तोही रोज आणि रात्रभर. रानात महिन्यातल्या निम्म्या रात्री जवळजवळ काळ्याच असतात.

लाल बल्ब. "सापाला लाल दिसत नाही" असं दुकानदार सांगतात, आणि तेही ऐकलेलंच सांगतात. ५५१ ची शंकूपेशी नारिंगी-लाल उजेड कमी प्रमाणात का होईना, पण टिपते. त्यात हे बल्ब म्हणजे साध्या तापणाऱ्या बल्बला लाल लेप दिलेला असतो, आणि त्या लेपातून इतर रंगही झिरपतात. म्हणजे लाल बल्ब रात्रभर लावला तर सापाला अंधार मिळत नाही, मंद उजेडाची खोली मिळते. निळ्यापेक्षा बरा, पण गरज नसताना कशाला?

जांभळा किंवा ‘ब्लॅक’ बल्ब. तो आपल्याला अंधुक दिसतो म्हणून निरुपद्रवी वाटतो. त्यातून जांभळा आणि थोडा अतिनील प्रकाश निघतो, आणि सापाकडे तर अतिनीलासाठी वेगळी पेशीच आहे. आपल्याला जी पेटी काळोखी वाटते ती तिला तशी वाटत असेल असं समजायला काहीच आधार नाही.

अंगात काळं रंगद्रव्य नसलेला, म्हणजे अल्बिनो साप असेल तर हे सगळं दुपटीनं लागू. डोळ्यात रंगद्रव्य नसल्यामुळे त्याला उजेडाचा त्रास जास्त होतो.

आणखी एक शंका मला मुलानं विचारली होती. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खळगे असतात, त्यांनी ती उष्णता ‘बघते’. मग गरम हीटर तिला रात्री दिव्यासारखा वाटणार नाही का? हीटर तिला जाणवतो, हे नक्की. पण दिवस आहे की रात्र हे शरीराला कळतं ते डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशातून. उबेच्या जाणिवेचा मार्ग वेगळा आहे. पश्चिम आफ्रिकेत, घाना-टोगो-बेनिनच्या गवताळ रानात, ही जात दिवसा उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळव्यांच्या वारुळांत बसते आणि रात्री बाहेर पडते. दिवसभर तापलेली जमीन तेव्हाही ऊब सोडत असते. उबदार काळोख तिला परका नाही.

खोली मोजा, मग खरेदी करा

किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. पेटी जिथे ठेवली आहे तिथेच, पेटीच्या बाहेर, तो तीन रात्री ठेवा आणि सकाळी किमान आकडा वाचा. जमलं तर सर्वांत थंड आठवड्यात. ऑक्टोबरात मोजून जानेवारीचा अंदाज बांधू नका.

बॉल पायथनसाठी मी पाळते ते आकडे असे: दिवसा ऊब घ्यायच्या जागी ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड बाजूला २५-२६. रात्री उबदार बाजू २५ पर्यंत उतरली तर चालते. पेटीत कुठेही २२ च्या खाली मी जाऊ देत नाही. म्हणजे तुमच्या खोलीचं किमान २५ च्या आसपास असेल तर रात्री काहीच लावू नका. सगळं बंद, काम संपलं. आमच्या हॉलमध्ये रात्री अकराला घराचं हीटिंग बंद झालं की पहाटेपर्यंत १६ होतं, म्हणून आम्हाला रात्रीची ऊब लागते.

कॉर्न स्नेक ठेवला असेल तर आणखी सोपं. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला, रात्रीची २० अंश थंडी त्याला सहज चालते. बहुतेक घरांत रात्री त्याचा हीटर बंदच ठेवता येतो.

उजेड न देणारी ऊब

मी वापरते तो सिरॅमिक हीटर. दिसायला पांढऱ्या किंवा काळ्या चिनी मातीच्या बल्बसारखा, साध्या स्क्रूच्या होल्डरमध्ये बसतो, उजेड शून्य. आमची पेटी लाकडी आहे, समोर सरकत्या काचा, चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. तिला १०० वॅटचा पुरतो. तो सतत पेटलेला नसतो. रात्रीच्या दहा तासांत निम्मा वेळ चालला तर अर्धा युनिट वीज. छोट्या पेटीला ६० वॅट बघा.

तीन गोष्टींत तडजोड करायची नाही.

पहिली, होल्डर. तो चिनी मातीचाच हवा. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जातो, प्लॅस्टिकचा होल्डर त्यापुढे टिकत नाही. वायरही उष्णता सोसणारी हवी. वायरिंग स्वतः येत नसेल तर वायर जोडून मिळणारा तयार होल्डर घ्या.

दुसरी, जाळी. हीटर पेटीच्या आत असेल तर त्याभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा स्क्रूनं छताला घट्ट बसवायचा. साप उबेकडे चढतो, हीटरला वेटोळं घालतो आणि भाजत असतानाही पटकन सुटून येत नाही. अशा भाजलेल्या सापाचे फोटो मी एकदा पाहिले आणि त्या दिवसानंतर दर रविवारी जाळीचे चारही स्क्रू हातानं हलवून बघते. जाळी आणि छत यांच्यात करंगळी जाईल एवढीही फट नको. डोकं गेलं की साप जातो.

तिसरी, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानावर हीटर आपोआप रोखणारं यंत्र. त्याशिवाय कुठलाही हीटर, तापणारी चटई, दिवा लावायचा नाही. सिरॅमिकला पल्स पद्धतीचा थर्मोस्टॅट सर्वांत चांगला, कारण तो वीज थोड्याथोड्या अंतरानं देत तापमान एका जागी धरून ठेवतो. साधा चालू-बंद करणाराही चालतो, तापमान दोनेक अंश वरखाली होतं इतकंच. दिवसा ऊब आणि उजेड देणाऱ्या हॅलोजन दिव्याला मात्र डिमिंगचा, म्हणजे वीज कमी-जास्त करून दिवा मंद करणारा थर्मोस्टॅट लागतो, नाहीतर दिवा दिवसभर उघडझाप करत राहतो आणि लवकर जातो.

डीप हीट प्रोजेक्टर नावाचा, उजेड न देणाऱ्या हीटरचा आणखी एक प्रकारही मिळतो. त्याची उष्णता अंगात थोडी खोल उतरते, किंमत जास्त. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावा, फक्त डिमिंगच्या थर्मोस्टॅटबरोबर. हॅलोजनच मंद करून रात्री चालवायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका, तो मंद झाला तरी तांबडा उजेड देतच राहतो.

चटईच्या हीटरबद्दल थोडंसं. तो पेटीच्या तळाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको आणि थर्मोस्टॅटविना मुळीच नको. जड साप वर बसला की खाली उष्णता कोंडते. हवा तर त्यानं फारशी तापत नाही, त्यामुळे १६ अंशांच्या खोलीत लाकडी पेटीला तो एकटा पुरा पडत नाही. छोट्या डब्यातल्या पिल्लाला ठीक.

माझ्या दोन चुका

पहिल्या महिन्यात मी दिवा आणि हीटर दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर जोडले आणि ते एक्स्टेंशन टायमरवर. आठला दिवा गेला, हीटरही गेला. मला वाटत होतं रात्रभर ऊब चालू आहे. सकाळी मुलगा शाळेला जाताना म्हणाला, "आई, अठरा दाखवतंय." खारीक पाण्याच्या भांड्याशेजारी गोळा होऊन बसली होती, अंग गार. सुदैवानं त्या आठवड्यात तिनं खाल्लेलं नव्हतं. पोटात उंदीर असताना असा गारठा लागला तर पचन थांबतं आणि साप ओकतो. वारंवार गारठा लागत राहिला तर श्वसनाचा संसर्ग होतो: श्वास घेताना शीळ, तोंडात चिकट फेस, डोकं वर धरून बसणं. ह्यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे जायचं. घरगुती उपाय नकोत.

त्या दिवसापासून आमची मांडणी अशी आहे. टायमरवर फक्त दिवे. दिवसाचा हॅलोजन त्याच्या डिमिंग थर्मोस्टॅटमधून आणि तो थर्मोस्टॅट टायमरमधून. सिरॅमिक वेगळ्या थर्मोस्टॅटवर, थेट भिंतीच्या सॉकेटला, चोवीस तास चालू, २५ वर लावलेला. दिवसा हॅलोजनमुळे ती बाजू २५ च्या वरच असते, त्यामुळे सिरॅमिक आपोआप गप्प बसतो. आठला दिवा गेला, हवा हळूहळू उतरली आणि २५ झाली की तो जागा होतो. कोणाला काही आठवून बटण दाबावं लागत नाही. दिवसरात्रीचं वेगळं तापमान लावता येणारे थर्मोस्टॅट मिळतात, पण दोन साधे वेगळे असले तर एक बिघडला तरी दुसरा असतो. मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

दुसरी चूक प्रोबची. प्रोब म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाची ती छोटी तापमान मोजणारी दांडी. मी ती चिकटपट्टीनं लावली होती. एका रात्री पट्टी सुटली, प्रोब थंड कोपऱ्यात पडला, हीटरला वाटलं पेटी गार आहे आणि तो तापतच राहिला. मी पाणी प्यायला उठले म्हणून वेळेत कळलं. आणि सुटलेली पट्टी खारकेच्या पोटाच्या खवल्यांना चिकटली होती. ती ओढून काढायची नसते, कातडी सोलली जाते. खायच्या तेलाचा बोळा लावून, वीस मिनिटं धीर धरून मी ती सोडवली. तेव्हापासून पेटीत चिकटपट्टी बंद. प्रोबची वायर खिळ्याच्या केबल क्लिपनं लाकडाला पक्की करा, उबदार बाजूला, साप बसतो त्या उंचीपासून वीतभर वर, हीटरच्या बरोब्बर खाली नको. आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका, शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा.

सिरॅमिक हवा कोरडी करतो हेही लक्षात असू द्या. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. मी पेटीच्या तळाशी पसरलेल्या नारळाच्या सोडणाच्या चुऱ्यावर, कोपऱ्यांत, तांब्याभर पाणी ओतते. वरून फवारण्यापेक्षा हे जास्त टिकतं. शिवाय ओल्या शेवाळ्याचा एक झाकणाचा डबा, बाजूला भोक पाडलेला. कात टाकायच्या दिवसांत ती त्यातच राहते.

अंधार खरंच अंधार आहे का

हे करायला पैसे लागत नाहीत आणि फार थोडे लोक करतात. रात्री दहाला घरातले सगळे दिवे बंद करा, पेटीसमोर जमिनीवर बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दहा मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या. मग बघा काय काय चमकतं ते. आमच्याकडे थर्मोस्टॅटचा लाल ठिपका थेट काचेवर पडत होता, इंटरनेटच्या डब्याचे चार हिरवे दिवे समोरच्या फळीवर लुकलुकत होते आणि पडद्याच्या फटीतून रस्त्यावरच्या खांबाचा उजेड पेटीच्या निम्म्या भागावर येत होता. ठिपक्यावर काळी इन्सुलेशन टेप, अर्थात पेटीच्या बाहेर. डबा दुसऱ्या कोपऱ्यात. खिडकीला जाड अस्तराचा पडदा. पेटीवर चादर टाकून काम भागवू नका, हवेच्या झडपा झाकल्या जातात आणि गरम होल्डरजवळ कापड येतं.

उन्हाळ्यात लीड्सला उलटा पेच. जूनमध्ये दिवस सतरा तासांचा, रात्री दहालाही आकाशात उजेड. डिसेंबरात जेमतेम साडेसात तास. खारकेच्या मूळ मुलखात विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपास, अर्धा तास इकडेतिकडे. म्हणून मी तिला खिडकीच्या भरवशावर सोडत नाही. सकाळी आठ ते रात्री आठ दिवे, आठनंतर पडदा. रात्रीच्या अंधाराला अर्थ यायचा तर दिवसाही खरा उजेड हवा. नुसत्या खोलीच्या उजेडात दिवस काढणाऱ्या सापाला दिवस-रात्रीतला फरक पुसटच कळतो. आमच्याकडे हॅलोजनशिवाय सावलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठीची अतिनील नळी आहे, तीही त्याच बारा तासांत. ती दरवर्षी बदलायची, कारण डोळ्याला उजळ दिसत असली तरी तिचा अतिनील भाग कमी होत जातो.

ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर सरकतात. गोल चकतीच्या टायमरला पंधरा मिनिटांची एकेक खुंटी असते. मी चार दिवसांत रोज एक खुंटी सरकवते. एकदम तासभर सरकवल्यानं साप आजारी पडत नाही, पण हळूहळू केलं की तिच्या बाहेर पडण्याच्या वेळेत गोंधळ होत नाही. वीज जाऊन आली असेल तर चकती तेवढी मागे पडते, तेही तपासा.

पण मग तिला बघायचं कधी?

खरं तर लोक रात्रीचा दिवा स्वतःसाठी लावतात. त्यात गैर काही नाही. निशाचर प्राणी पाळल्यावर तो जागा असताना बघावासा वाटणारच. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

कपाळावर बांधायच्या टॉर्चवर बहुधा मंद लाल दिवा असतो. तो भिंतीकडे वळवून पाच मिनिटं बघा आणि बंद करा. पाच मिनिटांचा लाल उजेड आणि रात्रभराचा लाल बल्ब यांत फार अंतर आहे.

दुसरा मार्ग अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याचा. घेताना त्याच्या अदृश्य दिव्यांचा आकडा विचारा. ८५० नॅनोमीटरचे दिवे आपल्यालाही बारीक लाल ठिपक्यांसारखे दिसतात, ९४० चे दिसत नाहीत. ९४० घ्या. काचेबाहेरून लावायचा असेल तर कॅमेरा काचेला अगदी चिकटवून धरा, नाहीतर त्याचेच किरण काचेवरून परततात आणि चित्र पांढरं फटक होतं. आईला सांगलीत बसून खारीक बघायची असते, म्हणून आम्ही हा घेतला. आपल्याकडे पहाट झाली की इथे मध्यरात्र असते. ती देवपूजा उरकून फोन उघडते आणि मला निरोप पाठवते, "पाणी प्यायली बघ तुझी लेक."

पुण्या-मुंबईत विचारणाऱ्यांसाठी

भाचा पुण्यात आहे, त्यानं विचारलं होतं म्हणून लिहिते. भारतातला कुठलाही देशी साप, धामण असो, अजगर असो की दिवड, घरात पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला बंदी करतो आणि ते योग्यच आहे. बॉल पायथन परदेशी, पण आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत आहे. त्यामुळे असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्यासाठी २०२४ साली स्वतंत्र नियमही आले आहेत. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

दिव्यांचं म्हणाल तर मुंबई-कोकणात बहुतेक वर्षभर रात्री काहीच लावायची गरज पडणार नाही. उलट एप्रिल-मेमध्ये पेटी फार तापत नाही ना, हे बघावं लागेल. पुण्यात, नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घरात किती उतरतं ते मोजा आणि त्यावरून ठरवा. वीज जाण्याची शक्यता असेल तर लाकडी पेटी काचेच्या टाकीपेक्षा ऊब जास्त वेळ धरते.

बल्ब काढल्यानंतरचा पहिला आठवडा

आज तुमच्या पेटीत रंगीत बल्ब असेल आणि रात्रीची ऊबही त्याच्यावरच अवलंबून असेल, तर तो तसाच काढू नका. आधी सिरॅमिक, जाळी, थर्मोस्टॅट बसवा. साप बाहेर ठेवून एक दिवस आणि एक रात्र रिकामी पेटी चालवून बघा, किमान आकडा लिहा, मगच साप आत सोडा. आठवडाभर हाताळू नका. खायला द्यायचं ते दिवे गेल्यावर तासाभरानं, चिमट्यानं, वितळवून कोमट केलेला उंदीर. पहिल्यांदा नाकारला तर सकाळी काढून टाका आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा द्या.

एक वही ठेवा. बाहेर किती वाजता आली, कुठल्या बाजूला बसली, पेटीचं किमान किती. माझ्या वहीत त्या जानेवारीतल्या चौथ्या रात्रीची नोंद अशी आहे: "९.४०. शेवाळ्याच्या डब्यातून डोकं बाहेर. ९.५५ पूर्ण बाहेर, उजवीकडच्या फांदीवर. ११.१० अजून फिरतेय. किमान २४.५." शेजारी मुलाच्या अक्षरात, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलंय, "आजीला सांगितला."